लुई ब्रेल

लुई ब्रेल (जन्म : कूव्रे, फ्रान्स, ४ जानेवारी १८०९, मृत्यू : पॅरिस, ६ जानेवारी १८५२) हे फ्रेंच अंध शिक्षक, ऑर्गनवादक आणि अंधांसाठीच्या स्पर्शलिपीचे जनक होते. कागदावर उठविलेल्या सहा ठिपक्यांच्या मांडणीवर आधारलेली त्यांची लिपी आज ब्रेल लिपी या नावाने ओळखली जाते. मराठीसह जगातील बहुतेक प्रमुख भाषांमध्ये ती वापरली जाते.

विकलांग विद्यार्थ्यांसाठीच्या शालेय साधनांच्या इतिहासात ब्रेल लिपीचे स्थान वेगळे आहे. तिच्याआधीची साधने डोळस व्यक्तींनी अंधांसाठी तयार केली होती. ब्रेल लिपी मात्र अंधशाळेतील एका विद्यार्थ्याने, स्वतःच्या बोटांच्या अनुभवावरून, वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत सिद्ध केली. तिच्यामुळे अंध विद्यार्थ्याला वाचनाबरोबरच लेखनही स्वतःच्या हाताने करता येऊ लागले. तरीही ज्या शाळेत ती जन्मली, त्या शाळेतच तिला पूर्ण मान्यता मिळण्यास तीस वर्षे लागली आणि ती मिळण्यापूर्वी ब्रेल यांचे निधन झाले होते.

बालपण आणि अपघात

पॅरिसच्या पूर्वेस सुमारे ४० किलोमीटर अंतरावर असलेल्या कूव्रे या खेड्यात लुई यांचा जन्म झाला. वडील सिमॉन-रने ब्रेल हे घोड्यांची खोगिरे, लगाम व चामडी साज तयार करणारे कारागीर होते. आईचे नाव मोनिक. चार भावंडांत लुई सर्वांत धाकटे होते. घरालगतच वडिलांचे कामाचे दालन होते आणि चामडे कापण्याच्या व भोके पाडण्याच्या धारदार हत्यारांनी ते भरलेले असे.

१८१२ मध्ये, वयाच्या तिसऱ्या वर्षी, लुई वडिलांचे अनुकरण करीत चामड्याला भोक पाडण्याचा प्रयत्न करीत होते. त्या वेळी हातातील आरी निसटून एका डोळ्यात शिरली. जखमेत जंतुसंसर्ग झाला. त्या काळी अशा संसर्गावर परिणामकारक औषध नव्हते. काही काळाने दुसऱ्या डोळ्यालाही त्रास सुरू झाला आणि वयाच्या पाचव्या वर्षापर्यंत त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली.

तत्कालीन युरोपात गरीब घरातील अंध मुलांच्या वाट्याला बहुधा भिक्षा किंवा परावलंबन येत असे. ब्रेल कुटुंबाने आपल्या मुलाला त्या वाटेने जाऊ दिले नाही. वडिलांनी त्यांना काठ्या तयार करून दिल्या आणि त्यांच्या आधाराने लुई गावातील वाटा ओळखू लागले. लाकडी फळीवर खिळे ठोकून वडिलांनी अक्षरांचे आकार तयार केले आणि मुलाचे बोट त्यांवरून फिरवून अक्षरओळख करून दिली, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते. गावचे धर्मगुरू झाक पालुई यांनी त्यांना प्राथमिक शिक्षण दिले. पुढे गावच्या शाळेतील शिक्षक आंत्वान बेशरे यांनी त्यांना डोळस मुलांबरोबर वर्गात बसू दिले. लुई यांची स्मरणशक्ती तल्लख होती. ऐकलेला पाठ ते चटकन आत्मसात करीत. परंतु इतर मुले पाटी व पुस्तक उघडत, तेव्हा त्यांना स्वस्थ बसून राहावे लागे. ज्याला आज समावेशक शिक्षण म्हणतात, त्यातील मुख्य अडचण या खेड्यातील शाळेतच दिसून येते. वर्गात प्रवेश मिळाला, तरी वाचनलेखनाचे साधन नसल्यास विद्यार्थी केवळ श्रोता राहतो.

पॅरिसची अंधशाळा

गावातील एका सरदाराच्या शिफारशीने १८१९ च्या फेब्रुवारीत, वयाच्या दहाव्या वर्षी, लुई यांना पॅरिसच्या शाही अंध युवक संस्थेत प्रवेश मिळाला. व्हॅलेंटिन हाउई यांनी १७८५ मध्ये स्थापन केलेली ही संस्था जगातील पहिली अंधशाळा मानली जाते. लुई आले त्या वेळी शाळा सँ-व्हिक्तॉर रस्त्यावरील एका जुन्या, ओलसर व कोंदट इमारतीत भरत असे. ही वास्तू मुलांच्या प्रकृतीला अपायकारक होती. शिस्त कडक होती. संगीत, सामान्य विषय आणि हस्तव्यवसाय यांचे शिक्षण तेथे दिले जाई. लुई अभ्यासात व वादनात लवकरच पुढे आले.

हाउई यांची उठावाची अक्षरे

अंध मुलांना वाचता यावे म्हणून हाउई यांनी रोमन अक्षरे कागदावर उठविण्याची पद्धत काढली होती. ओला, जाड कागद मोठ्या खिळ्यांवर दाबून अक्षरांचा उठाव मिळविला जाई. अंध व्यक्ती वाचू शकते, हे युरोपला पटवून देण्याचे श्रेय या पद्धतीकडे जाते. परंतु तिच्यात तीन मोठे दोष होते. पुस्तके अतिशय मोठी, जड व खर्चिक होत, त्यामुळे शाळेत ती मोजकीच होती. अक्षरांचे गोलवे व वळणे डोळ्यांना सोयीची असली, तरी बोटाला ती एकेक करून चाचपावी लागत. वाक्याच्या शेवटी येईपर्यंत आरंभाचे शब्द विसरले जाण्याचा धोका असे. तिसरा दोष सर्वांत गंभीर होता. ही अक्षरे छापखान्यातच तयार होत. विद्यार्थ्याला स्वतः लिहून पुन्हा वाचता येईल असे या पद्धतीत काहीही नव्हते.

बार्बिये यांची ठिपक्यांची पद्धत

१८२१ मध्ये संस्थेत एका नव्या पद्धतीची ओळख झाली. तिचे जनक शार्ल बार्बिये हे लष्करात अधिकारी राहिलेले गृहस्थ होते. अंधारात सैनिकांना निरोप वाचता यावेत यासाठी नेपोलियनने ही लिपी तयार करवून घेतली, अशी कथा प्रचलित आहे. मात्र अलीकडील संशोधनातून तिला भक्कम आधार मिळालेला नाही. नेहमीचे लेखन शिकण्याची संधी नसलेल्या लोकांना सोप्या पद्धतीने लिहिता यावे, हा बार्बिये यांचा मुख्य हेतू होता आणि अंध व्यक्तींचा विचारही त्यात होता.

बार्बिये यांनी अक्षरांऐवजी ध्वनींना चिन्हे दिली होती. प्रत्येक चिन्ह दोन उभ्या रांगांतील ठिपक्यांनी बनत असे आणि एका रांगेत सहापर्यंत ठिपके असत. खाचा असलेली पट्टी व टोचणी यांच्या साहाय्याने हे ठिपके कोणालाही कागदावर उठविता येत. रेषेपेक्षा ठिपका बोटाला अधिक स्पष्ट जाणवतो आणि ठिपका हाताने काढता येतो, या दोन गोष्टी या पद्धतीने सिद्ध केल्या.

तिच्या मर्यादाही विद्यार्थ्यांच्या लक्षात आल्या. सहा ठिपक्यांपर्यंत उंची असलेले चिन्ह बोटाच्या टोकाखाली एकाच वेळी मावत नसे. बोट वरखाली फिरवून ठिपके मोजावे लागत. ध्वनींवर आधारल्यामुळे या पद्धतीत शुद्धलेखन नव्हते. विरामचिन्हे, अंक आणि संगीताच्या खुणा यांनाही तीत स्थान नव्हते. ज्याला व्याकरण, गणित व संगीत शिकायचे होते, अशा विद्यार्थ्याला ती अपुरी होती.

सहा ठिपक्यांची लिपी

पुढील तीन वर्षे लुई यांनी फावल्या वेळात आणि सुटीत या पद्धतीवर काम केले. १८२४ पर्यंत, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांच्या लिपीचा मूळ आराखडा तयार झाला होता. त्यांनी दोन निर्णायक बदल केले. चिन्हाची उंची सहावरून तीन ठिपक्यांवर आणली, त्यामुळे संपूर्ण चिन्ह बोटाच्या एकाच स्पर्शात ओळखता येऊ लागले. दुसरे म्हणजे, चिन्हे ध्वनींऐवजी वर्णमालेतील अक्षरांना दिली, त्यामुळे शुद्धलेखन परत आले.

ब्रेल लिपीच्या एका घरात दोन उभ्या रांगा व प्रत्येक रांगेत तीन अशा सहा ठिपक्यांच्या जागा असतात. डावीकडील जागांना वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडील जागांना ४, ५, ६ असे क्रमांक आहेत. कोणते ठिपके उठविले आणि कोणते सोडले, यावरून ६३ वेगवेगळी चिन्हे मिळतात. कोरे घर शब्दांमधील अंतर दाखविते.

चिन्हांची रचना पद्धतशीर आहे. फ्रेंच वर्णमालेतील पहिली दहा अक्षरे फक्त वरच्या चार जागा वापरून बनविली आहेत. त्याच दहा चिन्हांना तिसरा ठिपका जोडला की पुढची दहा अक्षरे मिळतात आणि तिसरा व सहावा असे दोन्ही ठिपके जोडले की त्यापुढची. अंकांसाठी आधी एक खूण देऊन पहिली दहा चिन्हेच वापरली जातात. त्यामुळे विद्यार्थ्याला दहा चिन्हे नीट समजली की उर्वरित लिपी शिकणे सोपे जाते.

लेखनासाठी खाचांची पाटी आणि टोचणी वापरली जाते. ठिपके कागदाच्या मागच्या बाजूने टोचून पुढे उठविले जातात. म्हणून लिहिताना उजवीकडून डावीकडे जावे लागते आणि कागद उलटल्यावर डावीकडून उजवीकडे वाचता येते. नवशिक्या विद्यार्थ्याला प्रत्येक चिन्हाचे आरशातील रूप लक्षात ठेवावे लागते, पण सरावाने ही अडचण दूर होते.

१८२९ मध्ये ब्रेल यांनी आपली पद्धत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. शब्द, संगीत व धार्मिक गायन ठिपक्यांनी लिहिण्याची रीत तीत सांगितली होती. हे पुस्तक उठावाच्या रोमन अक्षरांतच छापलेले होते. प्रस्तावनेत त्यांनी बार्बिये यांचे ऋण मान्य केले. पहिल्या आवृत्तीत काही चिन्हांसाठी ठिपक्यांबरोबर लहान रेघाही होत्या. त्या टोचणीने काढणे अवघड जाई, म्हणून १८३७ च्या सुधारित आवृत्तीत त्या वगळल्या गेल्या. त्याच वर्षी संस्थेने फ्रान्सच्या इतिहासावरील तीन खंडांचे पुस्तक ब्रेल लिपीत तयार केले.

अध्यापन आणि संगीत

१८२८ पासून ब्रेल त्याच संस्थेत साहाय्यक शिक्षक म्हणून काम करू लागले. १८३३ मध्ये आपले मित्र गॅब्रिएल गोतिये व इपोलित कोल्ता यांच्याबरोबर त्यांना पूर्ण शिक्षकाचा दर्जा मिळाला. व्याकरण, इतिहास, भूगोल, अंकगणित, भूमिती, बीजगणित व संगीत हे विषय त्यांनी शिकविले. १८३८ मध्ये नवशिक्यांसाठी अंकगणिताची एक छोटी पुस्तिकाही त्यांनी लिहिली.

चेलो व ऑर्गन या वाद्यांवर त्यांचे चांगले प्रभुत्व होते. पॅरिसमधील सँ-निकोला-दे-शाँ या चर्चमध्ये ते ऑर्गनवादक होते. आपल्याच सहा ठिपक्यांतून त्यांनी संगीतलेखनाची पद्धत तयार केली. डोळस वादक स्वरलिपी पाहत वाजवू शकतो. अंध वादकाला मात्र प्रथम स्वरलिपी बोटांनी वाचून पाठ करावी लागते. तोपर्यंत दुसऱ्याने वाजवून दाखविल्याशिवाय नवी रचना शिकणे अंध विद्यार्थ्याला जवळजवळ अशक्य होते. संगीत हा अंधांच्या उपजीविकेचा एक प्रमुख मार्ग असल्याने या पद्धतीचे व्यावहारिक महत्त्व मोठे होते. पुढे थोड्याफार बदलांसह ती जगभर स्वीकारली गेली.

डोळसांशी पत्रव्यवहाराचे साधन

ब्रेल लिपीत लिहिलेले पत्र डोळस कुटुंबीयांना वाचता येत नसे. ही दरी लक्षात घेऊन ब्रेल यांनी १८३९ मध्ये आणखी एक पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात एका उभ्या ओळीत दहापर्यंत ठिपके टोचून नेहमीच्या रोमन अक्षरांचे आकार तयार केले जात. अंध व्यक्ती ते टोचू शकत असे आणि डोळस व्यक्ती ते डोळ्यांनी वाचू शकत असे. एकेक ठिपका मोजून टोचण्याचे हे काम वेळखाऊ होते. संस्थेचेच अंध माजी विद्यार्थी पिएर फूको यांनी १८४१ च्या सुमारास त्यासाठी यंत्र तयार केले. त्यातील दहा दांड्या दाबून एका वेळी ठिपक्यांची पूर्ण उभी ओळ उठविता येई. लेखनयंत्रांच्या इतिहासात या यंत्राची नोंद आरंभीच्या यंत्रांपैकी एक म्हणून केली जाते.

विरोध

१८२१ पासून संस्थेचे संचालक असलेले अलेक्सांद्र-रने पिन्ये ब्रेल यांच्या लिपीला अनुकूल होते. १८४० मध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले आणि त्यांच्या जागी पिएर-आर्मां द्यूफो आले. द्यूफो यांच्या मते अंधांची लिपी डोळसांच्या लिपीपेक्षा वेगळी असणे अयोग्य होते. अशा लिपीमुळे अंध व्यक्ती समाजापासून दूर जातील, असे त्यांना वाटे. त्यांनी ब्रिटन व अमेरिकेतील शाळांच्या धर्तीवर उठावाच्या सुधारित रोमन अक्षरांचा पुरस्कार केला आणि वर्गातील ब्रेल लिपीच्या वापराला प्रतिबंध केला.

या भूमिकेत दुष्ट हेतू नव्हता, परंतु तीत लिपीचा निकष डोळ्यांचा होता. शिक्षकाला वाचता येईल अशी लिपी विद्यार्थ्याने वापरावी, असा तिचा अर्थ होता. विद्यार्थ्यांचा अनुभव वेगळा होता. टिपणे काढणे, पत्र लिहिणे, पाठ उतरवून घेणे आणि लिहिलेले स्वतः तपासणे त्यांना फक्त ठिपक्यांच्या लिपीतच जमत असे. त्यामुळे त्यांनी तिचा वापर आपसात चालूच ठेवला. लहान विद्यार्थी ती मोठ्या विद्यार्थ्यांकडून शिकत राहिले.

साहाय्यक संचालक जोसेफ ग्वादे यांनी विद्यार्थ्यांचे हे लेखन जवळून पाहिले आणि ते लिपीचे समर्थक झाले. द्यूफो यांचेही मत हळूहळू बदलले. संस्था नव्या इमारतीत आल्यानंतर २२ फेब्रुवारी १८४४ रोजी झालेल्या उद्घाटन समारंभात ग्वादे यांनी ब्रेल लिपीची माहिती जाहीरपणे सांगितली आणि विद्यार्थ्यांनी तिचे प्रात्यक्षिक दाखविले. शाळेतील विरोध त्यानंतर ओसरला.

आजार आणि मृत्यू

१८३५ च्या सुमारास ब्रेल यांना क्षयरोगाची लक्षणे जाणवू लागली. प्रकृती खालावत गेल्याने अध्यापनाचा भार कमी करावा लागला. विश्रांतीसाठी ते मधूनमधून कूव्रे येथे जात. ६ जानेवारी १८५२ रोजी, त्रेचाळिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना, संस्थेच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. कूव्रे येथे त्यांचे दफन करण्यात आले. त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १८५४ मध्ये, संस्थेने ही लिपी अधिकृतपणे स्वीकारली.

जगभर प्रसार

१८७८ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने अंधशिक्षणासाठी ब्रेल लिपीची शिफारस केली. ब्रिटनमध्ये स्वतः दृष्टी गमावलेले डॉक्टर थॉमस आर्मिटेज यांनी १८६८ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेद्वारे तिचा प्रसार केला. अमेरिकेत मात्र अनेक दशके वेगवेगळ्या ठिपकेपद्धतींचा वाद चालू राहिला. एका शाळेत शिकलेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या शाळेतील पुस्तक वाचता येत नसे. इंग्रजी भाषेसाठी समान ब्रेल पद्धतीवर ब्रिटन व अमेरिका यांचे एकमत १९३२ मध्ये झाले.

भारतात आणि मराठीत

भारतातील पहिली अंधशाळा १८८७ मध्ये अमृतसर येथे ॲनी शार्प यांनी सुरू केली. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० मध्ये शाळा स्थापन केली. दादर अंधशाळा या नावाने ती प्रसिद्ध झाली आणि आज ती मुलींची शाळा आहे. १९०२ मध्ये ताडदेव येथे व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा सुरू झाली. तिच्या उभारणीशी डॉ. नीळकंठराय छत्रपती यांचे नाव निगडित आहे. हे स्वतः दृष्टी गमावलेले डॉक्टर होते आणि भारतीय भाषांसाठी त्यांनी ब्रेलची एक पद्धत तयार केली होती.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतात अशा अनेक पद्धती प्रचलित होत्या. एकाच भाषेसाठीही निरनिराळ्या शाळांत निरनिराळी चिन्हे शिकविली जात. त्यामुळे अमेरिकेप्रमाणेच येथेही पुस्तकांची देवाणघेवाण अवघड होती. युनेस्कोच्या पुढाकाराने झालेल्या विचारविनिमयानंतर १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ही समान पद्धत मान्य झाली. या कार्यात न्यूझीलंडचे अंध कार्यकर्ते सर क्लूथा मॅकेन्झी यांचा मोठा वाटा होता. त्याच वर्षी डेहराडून येथे केंद्रीय ब्रेल मुद्रणालय सुरू झाले. राष्ट्रीय अंधजन संघटनेची स्थापना १९५२ मध्ये मुंबईत झाली.

भारती ब्रेलमध्ये शक्य तेथे समान उच्चाराच्या अक्षरांना मूळ ब्रेलमधीलच चिन्हे दिली आहेत. कमळ हा शब्द तीन घरांत लिहिला जातो : क साठी १-३, म साठी १-३-४ आणि ळ साठी ४-५-६. मुद्रित देवनागरीत मात्रा, वेलांट्या व उकार अक्षराच्या वर, खाली किंवा आधी येतात. ब्रेलमध्ये स्वराचे चिन्ह व्यंजनानंतर स्वतंत्र घरात येते. शाळा हा शब्द श, आ, ळ, आ असा चार घरांचा होतो. पहिली वेलांटी मुद्रणात व्यंजनाच्या आधी दिसते, पण ब्रेलमध्ये इ चे चिन्ह उच्चाराच्या क्रमाने व्यंजनानंतरच येते. जोडाक्षरात अर्ध्या व्यंजनाआधी केवळ चौथा ठिपका देऊन त्यातील अ काढून टाकला जातो.

मराठीच्या दृष्टीने या लिपीचा विशेष उपयोग शुद्धलेखनात होतो. दिन आणि दीन, सुत आणि सूत हे शब्द सर्वसाधारण बोलण्यात जवळजवळ सारखे ऐकू येतात. ब्रेलमध्ये ऱ्हस्व इ साठी २-४ आणि दीर्घ ई साठी ३-५ अशी वेगळी चिन्हे असल्याने हा भेद बोटाला स्पष्ट कळतो. ध्वनिलेखन सोडून अक्षरलेखन स्वीकारण्याच्या ब्रेल यांच्या मूळ निर्णयाचाच हा लाभ आहे.

२००८ मध्ये स्वागत थोरात यांनी स्पर्शज्ञान हे ब्रेल लिपीतील मराठी पाक्षिक सुरू केले. त्यामुळे मराठी वाचकाला पाठ्यपुस्तकांपलीकडे चालू घडामोडींचे वाचनही बोटांनी करता येऊ लागले.

शाळेतील आजची साधने

पाटी व टोचणी ही आजही सर्वांत स्वस्त व टिकाऊ साधने आहेत. अमेरिकेतील पर्किन्स शाळेत डेव्हिड अब्राहम यांनी तयार केलेले आणि १९५१ पासून उत्पादनात आलेले ब्रेल लेखनयंत्र अनेक अंधशाळांत वापरले जाते. त्यात सहा ठिपक्यांच्या सहा कळा असतात आणि उठावलेली बाजू वर येत असल्याने लिहिता लिहिता वाचता येते. अंकगणितासाठी टेलर पाटी वापरतात. तिच्या अष्टकोनी छिद्रांत छोटे खिळे निरनिराळ्या कोनांत बसवून अंक मांडले जातात.

संगणकावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या प्रणाली मराठीतही उपलब्ध आहेत. त्यांपैकी एनव्हीडीए ही विनामूल्य आहे. ठिपके वरखाली होणाऱ्या ब्रेल पट्टीवर संगणकातील मजकूर बोटांनीही वाचता येतो, मात्र तिची किंमत सर्वसाधारण शाळेला सहज परवडणारी नसते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी संसाधन केंद्र कार्यरत आहे. सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयातून २०१६ पासून वाचनसुलभ स्वरूपातील पुस्तके मिळतात. मुद्रित मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तके रूपांतरित करणे सुलभ करणारा मराकेश करार २०१३ मध्ये झाला आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा भारत हा पहिला देश ठरला.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार लक्षणीय प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके, अध्ययनसाहित्य व योग्य सहायक साधने विनामूल्य पुरविण्याची तरतूद आहे. तथापि, साधन मिळाले तरी ते शिकविणारा शिक्षक लागतो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाचा, म्हणजेच आजच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचा, एक परिसर मुंबईतील जुहू येथे आहे. तेथील विशेष शिक्षण विभागात दिव्यांग विद्यार्थ्यांच्या शिक्षकांना प्रशिक्षण दिले जाते. सर्वसाधारण शाळेत शिकणाऱ्या अंध विद्यार्थ्याच्या वर्गात ब्रेल जाणणारा शिक्षक असणे, ही समावेशक शिक्षणाची प्राथमिक गरज आहे.

श्राव्य साधनांच्या वाढीमुळे ब्रेलची आवश्यकता उरली आहे काय, असा प्रश्न विचारला जातो. ऐकून पाठ समजतो, पुस्तके जलद संपविता येतात आणि उच्च शिक्षणात या साधनांचा उपयोग मोठा आहे. परंतु केवळ ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला शब्दाचे लेखन, परिच्छेदाची मांडणी, गणितातील सूत्राची रचना आणि संगीताची स्वरलिपी यांचा थेट परिचय होत नाही. परीक्षेत लेखनिक व जादा वेळ या सवलती आवश्यक आहेत. तथापि, लेखनिकाने लिहिलेले शुद्धलेखन हे लेखनिकाचे असते. म्हणून अंधशिक्षणातील अनेक जाणकार श्राव्य साधनांकडे ब्रेलचा पर्याय म्हणून न पाहता ब्रेलला पूरक म्हणून पाहतात. विशेषतः प्राथमिक वर्गांत ब्रेलचे शिक्षण अनिवार्य असावे, असा त्यांचा आग्रह असतो.

स्मृती

ब्रेल यांच्या मृत्यूच्या शताब्दीनिमित्त जून १९५२ मध्ये त्यांचे अवशेष पॅरिस येथील पँथिऑन या राष्ट्रीय स्मारकात हलविण्यात आले. कूव्रेच्या ग्रामस्थांच्या इच्छेनुसार त्यांच्या हातांचे अवशेष मात्र गावातील मूळ दफनस्थळी ठेवण्यात आले. त्यांचे जन्मघर आता संग्रहालय आहे. २००९ मध्ये त्यांच्या द्विजन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांची प्रतिमा असलेले दोन रुपयांचे नाणे काढले. संयुक्त राष्ट्रांच्या निर्णयानुसार २०१९ पासून ४ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस जागतिक ब्रेल दिन म्हणून पाळला जातो.